उणे पाच मिनिटांचं अंतर

ताइस्तोच्या सोसायटीत फ्लॅट मिळणं सोपं होतं, सॉनाचा तास मिळणं अवघड. फ्लॅट पैसे टाकले की मिळायचा. तासासाठी कुणीतरी मरावं लागायचं, नाहीतर तुर्कू शहर सोडून जावं लागायचं. बिऱ्हाडं सव्वीस आणि तळघरातली गरम खोली एक. आठवड्यातून तीन दिवस तिथली भट्टी पेटायची आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला एकेक तास यायचा. त्यातही शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात हा तास सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारा. आठवडाभराचं काम संपलेलं, आधीच्या दोन बिऱ्हाडांनी भिंतींची लाकडं चांगली शेकून ठेवलेली, आणि भट्टीवरचे दगड असे तापलेले की पळीभर पाणी टाकलं तर आवाज वरच्या मजल्यावर ऐकू जावा.

हा तास एकतीस वर्षं ताइस्तोचा होता. पंचवीस वर्षं त्याचा आणि बायको केर्त्तूचा, आणि ती गेल्यापासून सहा वर्षं एकट्याचा. आठवड्यातल्या बाकीच्या तासांचं काय करायचं हे ताइस्तोला नीटसं ठाऊक नव्हतं. पण शुक्रवारी पावणेसहाला बादली आणि टॉवेल घेऊन जिना उतरायचा, एवढं पक्कं ठाऊक होतं.

आता तोच तास जाण्याची वेळ आली होती.

सोसायटीच्या नियमांत सातवं कलम होतं. ज्याचा तास आहे तो सलग तीन आठवडे आपल्या तासाला सॉनात बसला नाही, तर तास यादीतल्या पहिल्या माणसाकडे जाईल. यादीत पहिलं नाव दुसऱ्या मजल्यावरच्या हिल्काचं होतं आणि ते अकरा वर्षं पहिलंच होतं. हिल्काचा स्वतःचा तास मंगळवारी दुपारी अडीचचा. त्या वेळी दगड इतके कोमट असायचे की पाणी टाकलं तर ते नुसतं खाली ओघळायचं. बाई वाईट नव्हती. केर्त्तू गेली तेव्हा तिने वेलदोड्याच्या पावाचे दोन तवे भाजून आणले होते. पण अकरा वर्षं म्हणजे अकरा वर्षं.

ताइस्तोचे दोन शुक्रवार आधीच गेले होते. त्याचं कारण म्हणजे त्याचा धाकटा भाऊ एस्को. एस्को चौतीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यापुरता स्टॉकहोमला कामाला गेला आणि तिथेच राहिला. ऑक्टोबरमध्ये तो बर्फावरून घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्याला चालायला शिकवणाऱ्या एका आश्रमात ठेवलं. तिथे पाहुण्यांना शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ एवढीच मोकळीक. एस्कोला बायको नाही, मूल नाही. जायचं तर ताइस्तोनेच. शनिवारी सकाळी विमान नव्हतं. रात्रीचं जहाज होतं, पण ताइस्तोने सव्वीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढली होती, आणि निवृत्तीच्या दिवशी धक्क्यावर उभं राहून, पुन्हा जहाजावर पाय ठेवणार नाही असा शब्द दिला होता. शब्द स्वतःलाच दिला होता, ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे तो परत घ्यायचा तरी कुणाकडून, हाही प्रश्नच होता.

उरलं शुक्रवारचं संध्याकाळचं विमान. तिसऱ्या शुक्रवारच्या आधीच्या सोमवारी तिकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून ताइस्तो कॉफी पीत बसला होता. दोन वेळा गेला तेव्हा तिकिटावरचे आकडे त्याने पाहिले नव्हते, नुसती लोकांच्या रांगेत चालत गेला होता. आज पाहिले. तुर्कूहून सुटणार सहा वाजून दहा मिनिटांनी. स्टॉकहोमला पोचणार सहा वाजून पाच मिनिटांनी.

त्याने चष्मा पुसला. आकडे तेच राहिले.

स्वीडनची घड्याळं आपल्याहून एक तास मागे असतात हे त्याला माहीत होतं, शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि सरळ छापलेलं समोर दिसणं वेगळं. त्याने दुसरा कप ओतला आणि विचार केला. विमान जर निघायच्या आधी पोचतं, तर सहाच्या तासातून आपली नक्की किती मिनिटं जातात? आकडेमोड केली तर काहीच जात नव्हती. उलट पाच हाती उरत होती.

तो कोट न घालता चौथ्या मजल्यावर योर्माकडे गेला. योर्मा सोसायटीचा अध्यक्ष होता आणि त्याआधी चाळीस वर्षं गणिताचा मास्तर. एखादा आकडा समोरून गेला की त्याला अडवून दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने तिकीट पाहिलं, नकाशा काढला, पट्टी ठेवली. तुर्कू ते स्टॉकहोम सरळ रेषेत दोनशे साठ किलोमीटर भरलं. मग अंतराला वेळेने भागलं आणि उत्तर पुन्हा एकदा तपासलं.

"वेग तासाला उणे तीन हजार एकशे वीस किलोमीटर," तो शेवटी म्हणाला.

"उणे म्हणजे?"

"म्हणजे एकतर विमान शेपटीकडून उडतं, किंवा तुम्ही स्टॉकहोमहून इकडे येताय."

मग त्याने परतीचा हिशेबही केला. परतीला तेच विमान त्याच वाटेने एक तास पंचावन्न मिनिटं घेत होतं. म्हणजे वेग एकशे छत्तीसच्या आतबाहेर. आपली जुनी गाडी उताराला याहून जोरात जाते, असं योर्मा म्हणाला आणि त्याला मनापासून बरं वाटलं. असला प्रश्न दोघांत मिटवणं त्याला पाप वाटलं असावं. त्याने बुधवारी खास मीटिंग लावली.

मीटिंग धुण्याच्या खोलीत भरली, कारण तिथे वॉशिंग मशिनांवर बसता येतं. एरवी चार माणसं येतात. त्या दिवशी चौदा आली आणि एकमेकांपासून शक्य तितक्या लांब बसली. नोव्हेंबरचा चिखल बुटांवर होता, दरवाज्याजवळ कॉफीचा थर्मास होता, आणि पहिली दहा मिनिटं फक्त कप ठेवल्याचे आवाज आले. मग योर्माने फळ्यावर दोन गावं काढली आणि त्यांच्यामध्ये बाण काढला. नेमका कोणत्या बाजूला काढायचा यावर तो जरा अडखळला.

ताइस्तोने आपलं म्हणणं मांडलं. आयुष्यात इतकं सलग तो कधी बोलला नव्हता. म्हणणं एवढंच, की सहा दहाला मी तुर्कूत आहे हे तिकिटावर छापलंय. सहा पाचला मी स्टॉकहोममध्ये आहे हेही छापलंय. तेव्हा मी सहा ते सातच्या तासातून बाहेर गेलो असं कुणाला म्हणता येणार नाही. मी फार तर त्या तासाच्या आत इकडून तिकडे सरकलो.

हिल्का शेवटच्या मशीनवर, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पण सॉनात कुठे होतात?"

"सॉनात नव्हतो."

"मग झालं."

तळमजल्यावरच्या एकाने विचारलं की सहा पाच ते सहा दहा ही पाच मिनिटं ताइस्तो दोन्हीकडे आहे असं धरलं, तर इकडचा ताइस्तो सॉनात बसला असेल अशी शक्यता आहे का. योर्मा म्हणाला, गणिताने शक्यता नाकारता येत नाही. हिल्का म्हणाली की गणिताने नसेल येत, पण दार उघडून येते. शुक्रवारी सहा पाचला ती स्वतः कपडे बदलायच्या खोलीपर्यंत जाऊन बाकावर ताइस्तोचे बूट आहेत का ते बघून येईल. यावर बराच वेळ खल झाला. बूट विमानात असले आणि माणूस सॉनात असला तर काय, असंही कुणीतरी विचारलं.

शेवटी योर्माला एक गोष्ट सुचली आणि त्याचं घोडं अडलं ते तिथेच. ज्या माणसाचं घड्याळ सात पाचला साठ मिनिटं मागे जातं, त्याचा सहाचा तास किती लांब? त्याने फळ्यावर मोजलं. तुर्कूच्या विमानतळावर दहा मिनिटं, हवेत पंचावन्न, आणि उतरल्यावर पुन्हा सातपर्यंत पंचावन्न. म्हणजे दोन तास.

"एका माणसाला दोन तास आणि मला अडीचची दुपार," हिल्का म्हणाली. "हे कुठल्या कलमात बसतं?"

पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती तशी अडून बसणाऱ्यांतलीही नव्हती. तिने थोडा वेळ पर्सची कडी उघडझाप केली. मग म्हणाली की ठीक आहे, त्याचा तास तो जिथे उभा असेल तिथल्या घड्याळाने मोजा. दोन तर दोन. कलमात सॉना लिहिलंय, कुठला ते लिहिलेलं नाही. सात वाजायच्या आत हा माणूस कुठल्याही सॉनात बसला, तर तास त्याचा. नाही बसला, तर माझा. आणि परत आल्यावर त्याने रीतीप्रमाणे वहीत ओळ लिहायची.

ही वही सॉनाच्या दाराशी दोरीने टांगलेली होती. तास संपला की ज्याचा त्याने लिहायचं: तारीख, माणसं किती, तापमान किती, सही. बासष्ट सालापासून अशा नऊ वह्या भरल्या होत्या. त्यांत कुणी कधी खोटा आकडा लिहिला असेल अशी शंकासुद्धा कुणाच्या मनाला शिवली नव्हती. पुरावा कसला आणायचा हे म्हणूनच कुणी विचारलं नाही. ताइस्तो सांगेल, एवढं पुरे होतं.

शुक्रवारी ताइस्तो विमानात बसला तेव्हा मांडीवर छोटी पिशवी होती आणि तिच्यात टॉवेल होता. पंख्यांचं विमान होतं. खाली समुद्रातली बेटं अंधारात दिसत नव्हती, तरी तो काचेला नाक लावून बसला होता. आपली पाच मिनिटं नक्की कुठे मागे फिरतात ते बघायचं होतं. तसं काही दिसलं नाही. कॉफी आली, कप गोळा झाले, आणि चाकं जमिनीला लागली. विमानातल्या बाईने स्थानिक वेळ सहा पाच असल्याचं सांगितलं. आजूबाजूच्या लोकांनी मुकाट्याने घड्याळाचे काटे मागे फिरवले. दोन देश एका सुरात एवढं मोठं काम करतात आणि कुणी चकार शब्द काढत नाही, याचं ताइस्तोला प्रथमच नवल वाटलं.

मग तो पळाला. एकाहत्तराव्या वर्षी माणूस जसा पळतो तसा, म्हणजे पाहणाऱ्याला तो भरभर चालतोय असं वाटावं. सहा वीसची गाडी मिळाली. सहा चाळीसला स्टॉकहोम. आश्रम स्टेशनपासून दोन चौकांवर. दारात गुनिल्ला नावाची परिचारिका भेटली आणि त्याला येणाऱ्या मोजक्या स्वीडिश शब्दांत त्याने विचारलं की सॉना कुठे आहे. तिला वाटलं, भाऊ कुठे आहे असं विचारायचं असेल. तिने एस्कोच्या खोलीत नेलं.

एस्को पलंगाच्या कडेला बसून हेरिंग मासा खात होता आणि माशात साखर घातल्याबद्दल कपाळाला आठ्या घालत होता. मागचे दोन शुक्रवार दोघं भाऊ समोरासमोर बसले होते आणि दोन दिवसांत मिळून वीसेक शब्द झाले होते. त्यांतले निम्मे हवामानाबद्दल. आज ताइस्तोने एका दमात सगळं सांगितलं. तास, हिल्का, सातवं कलम, उणे तीन हजार एकशे वीस. एस्कोने मासा बाजूला ठेवला, चालायची चौकट पुढे ओढली आणि म्हणाला, "तळघरात आहे. चल."

सॉना होता. पण स्वीडिश लोकांनी त्यात चालायच्या चौकटी ठेवल्या होत्या. एकात एक अडकवलेल्या, वीस-बावीस तरी. भट्टीची वायर कापून नीट गुंडाळून ठेवलेली. दगडांवर धूळ. सहा वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती.

दोघांनी चार चौकटी बाहेर काढल्या आणि खालच्या फळीवर बसण्याइतकी जागा केली. एस्कोने कपडे काढायचे का विचारलं. ताइस्तो म्हणाला, सॉना म्हटल्यावर काढायलाच हवेत. मग दोन म्हातारे, एक खुब्याला पट्टी बांधलेला, टॉवेलवर उघडे बसले. भिंतीवरच्या तापमापकात एकोणीस होतं. अंगावर काटा आला होता, पण दोघांनी कोपर गुडघ्यांवर टेकले आणि मान खाली घातली, गरम सॉनात घालतात तशीच.

एस्कोने गोळ्यांसाठी आणलेलं पेलाभर पाणी दगडांवर ओतलं. दोघं थोडे मागे सरकले, सवयीने.

मग अंधाऱ्या फळीकडे बघत एस्को बोलू लागला. माणूस सॉनात बोलतो तसा, कुणाकडे न बघता. म्हणाला की शेवटची बारा वर्षं केर्त्तू दर नाताळला पत्र लिहायची, ताइस्तो येईन म्हणतोय, असं. बारा पत्रं आहेत त्याच्याकडे.

"तू नाही आलास," एस्को म्हणाला.

"तूही नाही आलास."

"मला यायला एक तास पंचावन्न मिनिटं लागतात, ताइस्तो. तुला उणे पाच."

हिशेब बरोबर होता. मास्तरनेही तोच काढला होता. ताइस्तोला एवढंच दिसत होतं, की एकतीस वर्षं दर शुक्रवारी तो भावाकडे जाऊन निघायच्या आधी पोचू शकला असता, आणि तो सॉनात बसला होता. बाहेर घड्याळात सात वाजले. एस्को म्हणाला, झाला तुझा तास. दोघांनी दात वाजवत कपडे चढवले.

सोमवारी ताइस्तो वहीपाशी उभा राहिला तेव्हा पाठीमागे जिन्यावर योर्मा, हिल्का आणि आणखी सहाजण होते. सगळे काहीतरी दुसऱ्या कामासाठी तळघरात आल्यासारखे. त्याने तारीख लिहिली. माणसं: दोन. कुणीतरी समाधानाने खाकरलं. मग तापमानाच्या रकान्यात पेन टेकवलं आणि लिहिलं: एकोणीस.

योर्मा जवळ आला, वाकून पाहिलं, आणि हळूच विचारलं की पुढचं शून्य राहिलंय का.

"नाही राहिलं."

"एकशे नव्वद नसेल, पण नव्वद?"

"एकोणीस. वायर कापलेली होती."

गंमत अशी की घाबरलेली दिसली ती हिल्का. अकरा वर्षं जिची वाट पाहिली ती वस्तू कुणीतरी अचानक अंगावर फेकावी तशी ती भिंतीला टेकली. म्हणाली की रकाना मोकळा ठेवला तरी तिची हरकत नाही. कलमात तापमान लिहिलेलं नाहीये. मग तिला आणखी एक वाट दिसली. "पाणी टाकलं होतं का?"

"पेलाभर. एस्कोने."

"मग?" हिल्का म्हणाली. तिचा स्वर जवळजवळ विनवणीचा होता. "आवाज आला?"

ताइस्तोने खरंच आठवून पाहिलं. दगड डोळ्यांपुढे आणले, धूळ, पाणी, एस्कोचा हात. हो म्हणायला एक शब्द लागला असता.

"नाही आला."

आवाज नाही तर तो सॉना नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कलमांच्या आधीपासून ठाऊक होतं. योर्माने खिशातून रबर लावलेली पेन्सिल काढली आणि भिंतीवरच्या तक्त्यात शुक्रवार सहापुढचं नाव खोडलं. एकतीस वर्षांत कागद इतका पिवळा पडला होता की खोडरबराने नावाबरोबर कागदही गेला, आणि हिल्काचं नाव शेजारच्या चौकटीत लिहून बाण काढावा लागला. ताइस्तोचं नाव यादीच्या तळाशी गेलं, नववं. हिल्काला लागलेल्या वेळावरून योर्माने तिथल्या तिथे अंदाज काढला. तो त्याने बोलून दाखवला नाही. ताइस्तो तेव्हा एकशे सत्तर वर्षांचा असणार होता.

हिल्काने त्याला मंगळवारचा आपला जुना तास घ्या म्हटलं. त्याने आभार मानले आणि घेतला. मंगळवारी अडीचला तो जाऊन बसलाही. पाणी ओघळलं.

शुक्रवारी पाचला त्याने पिशवी भरली. टॉवेल एक ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि लोकरीच्या दोन टोप्या ठेवल्या. मग केर्त्तूच्या कपाटातून जाड पायमोज्यांचे दोन जोड काढले. जिन्यात हिल्का भेटली, हातात नवी कोरी बादली, गाल आत्तापासूनच लाल. तिने पिशवीकडे पाहिलं.

"आता कशाला जाताय? तास तर गेला."

"तास गेला," ताइस्तो म्हणाला. "एस्को आहे ना."

या वेळी स्टॉकहोमला उतरल्यावर तो पळाला नाही. सहा वीसची गाडी समोरून गेली, पुढची पकडली. आश्रमाच्या तळघरात पोचला तेव्हा एस्को आधीच येऊन बसला होता, अंगावर ब्लँकेट, आणि शेजारी गुनिल्ला चौकटी बाहेर काढत होती. तिला कारण कळलं नव्हतं, पण एस्कोने आठवडाभर तिचं डोकं खाल्लं होतं. वायरवाल्याला निरोप गेला होता. तो जानेवारीत येणार होता. ती वर गेली. तापमान अठरा होतं.

त्यांनी टोप्या घातल्या आणि पायमोजे घातले. एस्कोने पाणी ओतलं. ताइस्तो बोलायला लागला, बारा पत्रांपैकी पहिल्या नाताळापासून. तो का आला नाही ते सांगू लागला आणि सांगताना त्यालाही पहिल्यांदाच कळत होतं. बाहेर सात केव्हाच वाजून गेले होते. तास त्यांचा नव्हताच, म्हणून तो संपलाही नाही. चौथ्या नाताळापाशी एस्कोने त्याला थांबवलं आणि पाय जरा उचल म्हणाला, ब्लँकेटचं टोक त्याच्या पायाखाली अडकलं होतं.